इंजिन बघायचं की कागद? मुंबईतल्या सेकंडहँड स्पोर्ट्स कारचा इतिहास

वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा स्वस्त असते, हे आपण धरूनच चालतो. पुस्तक असो, सायकल असो, नाहीतर फ्रिज. पण याच मुंबईत अशी काही दशकं होऊन गेली, जेव्हा दोन वर्षं वापरलेली फियाट कोऱ्या फियाटपेक्षा महाग विकली जायची. घेणारा काही वेडा नव्हता. तो हिशेब करूनच पैसे मोजत होता. तो हिशेब नेमका काय होता, हे समजून घ्यायला मी गेली काही वर्षं जुन्या वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती, सरकारी आदेश आणि न्यायालयांचे निकाल वाचते आहे. माझ्या पीएच.डी.चा विषय मुंबईच्या उपनगरांतला वापरलेल्या गाड्यांचा बाजार हा आहे.

विषय सांगितला की समोरचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यावी का? प्रश्न गमतीने विचारलेला असतो, पण मला तो फार कामाचा वाटतो. साधी गाडी गरजेपोटी घेतली जाते, स्पोर्ट्स कार कोणालाच 'लागत' नाही. त्यामुळे तिची किंमत कशाकशाने ठरते, हे जास्त स्वच्छ दिसतं. आजची पोस्ट त्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं लांबचं आहे, चहा घेऊन बसा.

आधी जागा समजून घेऊ

वाकोला म्हणजे सांताक्रूझ पूर्व. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या पूर्वेला, विद्यापीठाच्या कलिना संकुलाला खेटून. जमिनीच्या कागदपत्रांत या भागाच्या गावाचं नाव आजही 'कोलेकल्याण' असं सापडतं. इथून कलिनामार्गे सीएसटी रोड धरला की तुम्ही कुर्ल्यात पोहोचता. या रस्त्यावर गाड्यांचे सुटे भाग, काचा, सीट कव्हर, टायर, डेंटिंग-पेंटिंग यांची दुकानं आणि गॅरेजं एकमेकांना चिकटून उभी आहेत.

ही वस्ती इथेच का जमली, याचं मोठं कारण कुर्ल्यात होतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला, आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर होता. तिथून आधी अमेरिकन क्रायसलर घराण्यातल्या गाड्या जुळवून बाहेर पडल्या, पुढे फियाट ११००, आणि १९७० च्या दशकात त्याच फियाटचं नाव 'पद्मिनी' झालं. कारखाना जिथे असतो, तिथे त्या गाडीची नस ओळखणारी माणसंही असतात. टर्नर, फिटर, पत्र्याचं काम करणारे, रंगारी. कारखान्यात नोकरी करून बाहेर स्वतःचं गॅरेज थाटणं, किंवा भावाला, भाच्याला हाताखाली घेऊन शिकवणं, हा या भागातला रिवाज. म्हणून वाकोला ते कुर्ला हा पट्टा माझ्यासाठी एखाद्या दफ्तरखान्यासारखा आहे. फक्त इथली माहिती फायलींत नाही, माणसांच्या हातात आहे.

वेगाची हौस जुनीच

स्पोर्ट्स कारची हौस मुंबईला नवीन नाही. १९२० च्या दशकात जे. आर. डी. टाटा यांच्याकडे बुगाटी होती आणि ते ती पेडर रोडवर सुसाट चालवायचे. या वेगापायीच त्यांच्यावर खटला होण्याची पाळी आली, वकील जॅक विकाजी यांच्याकडे जाणं झालं आणि तिथे विकाजींची पुतणी थेल्मा त्यांना भेटली. १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. गाडीने लग्न जमवल्याची ही मुंबईतली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट.

त्या काळात पैसा असला की गाडी मागवता यायची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता. परदेशी गाडी ही श्रीमंतांची वस्तू होती, पण बंदी असलेली वस्तू नव्हती. त्यामुळे तिचा सेकंडहँड भावही सरळ होता. गाडी जितकी जुनी, तितकी स्वस्त.

स्वातंत्र्यानंतर हे बदललं. परकीय चलन तुटपुंजं होतं आणि देशात गाड्या बनवायचा उद्योग उभा करायचा होता. १९४९ पासून पूर्ण बांधलेल्या मोटारींच्या आयातीचं दार बंद झालं. नुसते सुटे भाग आणून इथे जुळवणाऱ्या कंपन्यांनाही पुढे जागा राहिली नाही, आणि जनरल मोटर्सने १९५४ च्या सुमारास शिवडीतलं काम आवरलं. मैदानात उरल्या त्या मोजक्या देशी कंपन्या. कलकत्त्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याला प्रीमियर.

रांगेची किंमत

आता मूळ कोड्याकडे येऊ. जुनी फियाट नव्या फियाटपेक्षा महाग का?

१९७० च्या सुमारास अख्ख्या देशात वर्षाला जेमतेम ३५ हजार मोटारी बनत होत्या. तेलाच्या संकटानंतर तो आकडा आणखी घसरला, आणि १९८० मध्येही तो ३० हजारांच्या आसपासच होता. मागणी मात्र वाढतच होती. १९५९ च्या मोटारकार वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने गाडी कोणाला, कोणत्या क्रमाने मिळायची, यावर सरकारचा हात बसवला. काही गाड्या सरकारी कोट्यात जायच्या, बाकीच्यांनी नाव नोंदवून थांबायचं. नवी गाडी हाती आली तरी ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय ती विकता येत नसे. १९६९ मध्ये तर सरकारने किमतीच ठरवून दिल्या. त्याविरुद्ध प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली, किमतींची चौकशी करायला आयोग बसला आणि १९७१ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. किमतीवरचं हे नियंत्रण १९७५ मध्ये उठलं, पण रांग उठली नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, नव्या गाडीची ठरवून दिलेली किंमत १५ हजार रुपये आहे आणि नाव नोंदवून सहा वर्षं थांबायचं आहे. तुम्ही डॉक्टर आहात, रात्री-अपरात्री व्हिजिटला जावं लागतं. सहा वर्षं टॅक्सीवर किती खर्च होईल? आज, आत्ता, दारात गाडी उभी राहावी म्हणून तुम्ही १५ हजारांच्या वर किती द्याल? तीन हजार? पाच हजार? वापरलेल्या फियाटचा भाव तिथे ठरायचा. बाजारात या वरच्या रकमेला 'प्रीमियम' म्हणत, धंद्यातल्या बोलीत 'ऑन'. विकणारा लोखंड तर विकायचाच, पण सोबत स्वतः काढलेली वर्षंही विकायचा.

रांगेचं हे वेड किती खोल होतं, ते मारुतीच्या वेळी दिसलं. १९८३ च्या एप्रिलमध्ये नोंदणी उघडली, नावामागे दहा हजार रुपये अनामत होती, आणि दोन महिन्यांत सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी पैसे भरले. तेव्हा एकही गाडी रस्त्यावर आलेली नव्हती. पहिली गाडी मालकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ ला.

या काळातल्या छोट्या जाहिराती वाचणं हा माझा आवडता भाग आहे. जागा कमी, म्हणून प्रत्येक शब्द तोलून वापरलेला. 'एकहाती मालक', 'डॉक्टरची गाडी', 'पारशी मालक'. या तिसऱ्या शब्दात मुंबईचा एक अख्खा सामाजिक समज भरलेला आहे. पारशी माणूस गाडीला पोटच्या पोरासारखं जपतो, रविवारी स्वतः पुसतो, असा तो समज. खरा असो-नसो, त्याला भाव होता. तुमच्या हे लक्षात आलं का? इंजिनाबद्दल जाहिरात फारसं बोलतच नाही. आधीचा मालक कोण, किती हातांतून गाडी गेली, यावरच सगळा भर. इथूनच माझ्या प्रबंधातला मुख्य मुद्दा सुरू होतो. मुंबईत जुन्या गाडीचा व्यवहार हा यंत्राइतकाच तिच्यामागे लागलेल्या नावांचा व्यवहार राहिला आहे.

मग स्पोर्ट्स कार कुठून यायची?

देशात बनत नव्हती, बाहेरून आणता येत नव्हती. तरीही साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईत एमजी, ट्रायम्फ, मर्सिडीज अधूनमधून दिसायच्या. काही १९४९ आधीच्या, संस्थानिकांच्या किंवा जुन्या व्यापारी घराण्यांच्या. उरलेल्या तीन वाटांनी आल्या.

पहिली वाट वकिलातींची. परदेशी मुत्सद्दी स्वतःची गाडी जकातीशिवाय आणू शकत. बदली झाली की ती गाडी बाजारात परस्पर विकायची सोय नव्हती. १९५६ मध्ये स्थापन झालेलं स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ती घ्यायचं आणि बंद लिफाफ्यातल्या निविदा मागवून विकायचं. दुसरी वाट परदेशातून कायमचे परतणाऱ्या भारतीयांची. 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' या सवलतीखाली त्यांना वापरातली गाडी आणता यायची, पण ठरावीक काळ ती विकायला मनाई असायची. तिसरी वाट कस्टम्सने जप्त करून लिलावात काढलेल्या गाड्यांची.

तिन्हींत एक गोष्ट सारखी होती. या देशात परदेशी स्पोर्ट्स कार 'नवी' म्हणून विकत मिळतच नव्हती. ती दुकानात यायची तीच सेकंडहँड होऊन. आणि प्रत्येकीच्या पाठीवर एक अट असायची. जकात माफ कोणाला होती, विकायची मुदत संपली का, नाव बदललं का. अट पाळली असेल तर गाडी तुमची. नसेल तर गाडी दारात आणि घोर मनात.

लिलावात गाडी लागली तरी खरी कसोटी पुढे असायची. सुटे भाग कुठून आणणार? इथे आपला सीएसटी रोड कामाला यायचा. भाग मिळत नसेल तर लेथवर बनवून घ्यायचा, दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवायचा, कार्ब्युरेटर बदलायचा, काहीच जमलं नाही तर इंजिनच उतरवून दुसरं चढवायचं. पद्मिनीत डिझेल इंजिन बसवणं तर पुढे अगदी रोजचं काम झालं. आज जुन्या मोटारींच्या रॅलीत तुम्ही लाल रंगाची छोटी उघडी गाडी बघून टाळ्या वाजवता, तेव्हा तिच्या बॉनेटखाली काय काय मूळचं उरलं असेल, हा प्रश्न विचारून बघा.

आणि ज्यांना ती लाल गाडी कधीच परवडणार नव्हती त्यांचं काय? त्यांनी फियाटलाच स्पोर्ट्स कार केलं. १०८९ सीसीचं, जेमतेम चाळीसेक अश्वशक्तीचं ते इंजिन. हेड घासून दाब वाढवायचा, सायलेन्सर बदलायचा, नको तो पत्रा काढून वजन उतरवायचं. मद्रासजवळ शोलावरम, तसा मुंबईकरांच्या शर्यतींसाठी जुहूचा विमानतळ. वाकोल्यापासून तो काही मैलांवर. आठवडाभर ऑफिसला नेणारी गाडी सुट्टीच्या दिवशी धावपट्टीवर पळायची.

दार उघडलं, पण उंबरठा उंच

१९९३ मध्ये मोटार बनवण्यावरची परवाना पद्धत गेली. कंपन्या आल्या, रांग संपली, आणि वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकण्याचे दिवसही संपले. याच दशकाच्या शेवटी शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन दारांची उघडी गाडी बनली. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं. देशी स्पोर्ट्स कारचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. मात्र फार थोड्या बनलेल्या गाडीचं दुखणं तिलाही लागलं. अशी गाडी आज घेतलीत तर भागांसाठी पुन्हा लेथवाल्याकडेच जावं लागणार.

खरा फरक पडला १ एप्रिल २००१ ला. जागतिक व्यापार संघटनेशी झालेल्या बांधिलकीनुसार भारताने शेवटच्या ७१५ वस्तूंवरची आयातबंदी काढली. त्यात वापरलेल्या मोटारी होत्या. जपान आणि इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांचा लोंढा येईल आणि इथले कारखाने बुडतील, अशी धास्ती होती. म्हणून सरकारने दार उघडताना उंबरठा उंच केला. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजव्या बाजूलाच हवं. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे अशी गाडी देशात उतरेल ती फक्त मुंबई बंदरात. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाड्यांवरची मूळ जकात १०५ टक्के केली गेली, आणि सगळे कर धरून बोजा १८० टक्क्यांच्या पुढे गेला.

हिशेब करा. परदेशात दहा लाखांना पडलेली जुनी गाडी मुंबई बंदरातून बाहेर येताना अठ्ठावीस लाखांची. त्यावर रोड टॅक्स वेगळा. म्हणजे अशी गाडी पुढे इथे कोणी तुम्हाला विकली, तर तुमच्या पैशांतला मोठा वाटा हा त्याने एकेकाळी सरकारला भरलेल्या कराचा असतो. रांगेच्या काळात जुन्या गाडीत मालकाची वर्षं मुरलेली होती, आता जकात मुरली. आणि जिथे जकात इतकी मोठी, तिथे ती चुकवायची इच्छाही तितकीच मोठी. किंमत कमी दाखवणं, बनावटीचं वर्ष बदलणं, दुसऱ्याच्या नावावर सवलत घेणं, हे प्रकार महसूल गुप्तचर खात्याने पुढच्या काळात वारंवार पकडले.

एक फेरारी

कर आणि गाडी यांचं नातं सगळ्या देशाला कळलं ते एका फेरारीमुळे. सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, म्हणून फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती दिली गेली. गाडी भारतात आणायची तर जकात सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ती माफ करायचं ठरवलं आणि २००३ मध्ये गदारोळ झाला. रिक्षावाल्यापासून गृहिणीपर्यंत सगळे कर भरतात, मग कोट्यधीशाला माफी कशाला, असा प्रश्न उठला. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. शेवटी ती रक्कम फियाटने भरली.

२०११ मध्ये सचिनने ती फेरारी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकल्याची बातमी आली. मराठी घराघरांत तेव्हा काय चर्चा झाली, ते तुम्हाला आठवत असेल. भेट विकतात का, वगैरे. मला या गोष्टीत दुसरं काही दिसतं. ती गाडी निर्धास्तपणे विकता आली, कारण तिची जकात भरलेली होती. माफीतच ती आत आली असती, तर माफीच्या अटी आणि वाद दोन्ही नव्या मालकाच्या दारापर्यंत गेले असते. त्या वेळी सगळ्यांना नकोसा वाटलेला तो गदारोळ घेणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडला.

दोन नोंदवह्या, दोन निकाल

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयात केलेल्या वापरलेल्या गाडीची नोंद दोन ठिकाणी असते. एक आरटीओत, म्हणजे मालक कोण. दुसरी कस्टम्सच्या बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आणली कोणी. या दोन नोंदींतून दोन वेगळ्या जबाबदाऱ्या निघतात, आणि दोन निकालांत त्या लख्ख दिसतात.

पहिला निकाल ६ फेब्रुवारी २०१८ चा. एका गृहस्थाने २००७ मध्ये गाडी विकली. घेणाऱ्याने पुढे विकली, त्यानेही पुढे विकली. पण आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तो मालक. गाडी दोन वर्षांपूर्वी विकलेली, ती आता कोणाकडे आहे याच्याशी काही संबंध नाही, तरी जबाबदारी त्याचीच. अपघातातल्या माणसाने गाडीचे मालक शोधत दारोदार फिरावं का, हा न्यायालयाचा मुद्दा होता, आणि तो पटण्यासारखा आहे. म्हणून वाकोल्यात किंवा कुठेही गाडी विकताना 'नाव नंतर करून घेऊ हो' असं कोणी म्हणालं, तर ऐकू नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, परराज्यात विकली तर ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० म्हणतात ते हेच.

दुसरा निकाल २०२४ चा, आणि तो थेट आपल्या विषयाचा. २००२ मध्ये देशात आलेली एक पोर्शे कॅरेरा. ती ज्याने आणली त्याच्याकडून निघून पुढे दुसऱ्याच्या हाती गेली. काही वर्षांनी कोचीच्या कस्टम्सने नंतरच्या खरेदीदाराला गाठलं. आयातीच्या वेळी माहिती चुकीची दिली होती, फरकाची जकात तुम्ही भरा, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, हा माणूस आयातदार नाही, गाडी त्याने आणलेली नाही, तेव्हा आयातीची जकात त्याच्याकडून मागता येणार नाही.

वाचायला हा घेणाऱ्याचा विजय वाटतो, आणि आहेही. पण तारखा परत बघा. गाडी २००२ ची, निकाल २०२४ चा. बावीस वर्षांत त्या कॅरेराचं इंजिन जितकं झिजलं नसेल तितका मालक झिजला असेल. आणि निकाल जकातीपुरता आहे. चुकीच्या मार्गाने आलेली वस्तू जप्त होऊ शकते, हा धोका वेगळाच उरतो.

तर, घ्यावी का?

माझं उत्तर असं आहे. घ्या, पण गाडीचा इतिहास वाचता येत असेल तर. इंजिन कोणीही चांगला मिस्त्री ऐकून सांगेल. कागद मात्र तुम्हाला स्वतःला वाचावे लागतील. चेसिस आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवर स्वतः बघून आरसीशी आकडा-आकडा जुळवा. बाहेरून आलेली असेल तर बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा आणि त्यावरचं बनावटीचं वर्ष आरसीवरच्या वर्षाशी ताडून बघा. आणणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक हाताची नोंद मागा. मधला एक दुवा जरी गळला असेल, तर थांबा. बँकेचा बोजा उतरलेला आहे का ते पाहा. फॉर्म ३५ नसेल तर कर्ज फिटलंय हे नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका.

नंबरप्लेटही वाचा. १९८९ च्या बदलानंतर आपल्या भागातल्या गाड्यांवर एमएच-०२, म्हणजे अंधेरी आरटीओ. पण पश्चिम उपनगरांत भारी गाड्या बघाल तर पुदुच्चेरी किंवा झारखंडच्या पाट्या दिसतील. कारण कर. महाराष्ट्रात आयात गाड्यांवरचा कर जबर आहे, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली गेली. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर कायद्याच्या कलम ४७ नुसार इथे नोंदवावी लागते. म्हणजे पुदुच्चेरी पाटीची गाडी स्वस्तात मिळत असेल, तर तिचा न भरलेला कर तुमची वाट बघत उभा आहे असं समजा.

या धंद्यात गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला आहे. इतकी दशकं जुन्या गाड्यांचा दलाल कायद्याच्या लेखी जवळपास अदृश्य होता. गाडी त्याच्या ताब्यात, कागदावर मात्र त्याचं नाव नाही. १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायची तरतूद लागू झाली, आणि गाडी त्यांच्या ताब्यात असताना जबाबदार कोण, हे पहिल्यांदा नीट लिहिलं गेलं. २०१८ च्या निकालातल्या त्या पहिल्या मालकासारखी माणसं वाचवायची असतील, तर ही साखळी कागदावर येणं भाग होतं.

राहता राहिला तो कागदावर न येणारा भाग. प्रीमियरच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. २०१४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता झाला आणि या पट्ट्यातल्या जमिनीला वेगळाच भाव आला. गॅरेजची जागा ही आता गॅरेज म्हणून परवडणारी जागा नाही. २९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली, आणि वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. बंद पडलेल्या परदेशी इंजिनाचा भाग लेथवर उतरवणारे हात आता थोडे उरलेत, आणि त्यांच्या कामाची नोंद कुठल्याच आरसीवर नाही. सध्या मी त्या मिस्त्रींच्या मुलाखती घेते आहे. तुमच्या घरात, चाळीत, ओळखीत असं कोणी असेल, तर आधी त्यांच्याशी तुम्हीच बोला. कुठली गाडी, कुठला भाग, कशापासून बनवला, एवढं जरी वहीत लिहून ठेवलंत, तरी ते काम वाया जाणार नाही.